सदतीस पट्ट्या घेऊन संभाजीनगरला

नझीरभाईंचा फोन आला तेव्हा मी व्हायब्राफोनच्या नळ्या फडक्यानं पुसत होते. संभाजीनगरच्या छावणीतल्या त्यांच्या संगीताच्या क्लासमध्ये दोन दिवस शिकवायला यायचं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छोटा कार्यक्रम करायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. विषय: जॅझमध्ये सोलो, म्हणजे एका वादकाचा एकट्याचा भाग, तिथल्या तिथं कसा रचायचा. मी म्हणाले, दोन दिवसांत कळवते. प्रत्यक्षात नऊ दिवस घेतले. शेवटी हो म्हणाले त्याचं मुख्य कारण, पुंडलिकनगरला माझे दिनूमामा राहतात आणि दीड वर्षात मी त्यांच्याकडे गेले नव्हते.

वाद्य ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हायब्राफोन म्हणजे टेबलाएवढ्या चौकटीवर दोरीत ओवून ओळीनं मांडलेल्या अॅल्युमिनियमच्या सदतीस पट्ट्या. त्यांच्याखाली नळ्या आणि पायाशी एक पेडल. पेडल दाबलं की सूर घुमत राहतो, सोडलं की मिटतो. नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या छोट्या चकत्या असतात, त्यानं सूर थरथरतो. दोन्ही हातांत मिळून दोन किंवा चार काड्या धरून वाजवायचं. जुन्या हिंदी गाण्यांत तुम्ही तो शंभर वेळा ऐकलेला असतो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. जॅझमध्ये वादक सोलो आधी ठरवून येत नाही, निदान तशी अपेक्षा असते. मी मात्र प्रत्येक सोलो घरी तीन-चार आठवडे बसून लिहिते, पाठ करते आणि स्टेजवर आत्ताच सुचल्यासारखा वाजवते. पुण्यात हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण ऐकणारा बहुतेक वेळा एकदाच ऐकतो. आणि मला संभाजीनगरला जाऊन नेमकं हेच न करायला शिकवायचं होतं.

ही सवय मला मामांकडून आली. मामा चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात व्हायब्राफोन वाजवायचे. ऑर्केस्ट्रातला नियम साधा असतो. दोन कडव्यांच्या मधल्या संगीताला ते लोक पीस म्हणतात, आणि पीस रेकॉर्डसारखाच आला पाहिजे. एक सूर इकडचा तिकडं झाला तरी मागच्या रांगेतून शिट्टी येते. लेण्यांसाठी येणारे परदेशी पाहुणे ज्या हॉटेलात उतरत, तिथं जेवणाच्या वेळी मामांची मंडळी वाजवत असत. तिथं एका जर्मन बाईंनी त्यांना एक कॅसेट दिली. कव्हर नव्हतं, नाव नव्हतं. त्यात सात सोलो होते. मामांनी ते सातही पीससारखे बसवले, मधे ऐकू येणाऱ्या कुणाच्या तरी खोकल्यासकट बसवले असते जर तो सुरात असता तर. त्यांना नंबर दिले. मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडून एक ते सात शिकले. कॅसेटवरच्या माणसानं ते सगळं जागच्या जागी रचलं होतं, हे मला पुण्यात आल्यावर एकोणिसाव्या वर्षी कळलं. मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असं व्हय? मग नशीब चांगलं त्याचं."

पहिला दिवस: पुणे ते पुंडलिकनगर

सकाळी सहाला कोथरूडहून निघाले. छोट्या गाडीतून व्हायब्राफोन न्यायचा असेल तर मागची सीट पाडावी लागते आणि पुढची डावी सीटही झोपवावी लागते, म्हणजे सोबतीला माणूस घेता येत नाही. पट्ट्या दोरीत ओवलेल्याच ठेवून गोधडीत गुंडाळायच्या. नळ्या सर्वांत वर, त्यांच्यावर काहीही नाही. काड्या उन्हात ठेवू नका, डोक्याचा रबर मऊ पडतो.

वाघोलीतून बाहेर पडायलाच पाऊण तास गेला. पुढं शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. दर पन्नास किलोमीटरला थांबून मी डिकी उघडून बघत होते. याची गरज नव्हती हे आता सांगू शकते. सुप्याजवळ एका हॉटेलात मिसळ घेतली, बरी होती. काउंटरवरच्या काकांनी गाडीत डोकावून विचारलं, "शिडी आहे का?"

"वाद्य आहे."

"मग मधे गोधडी कुणासाठी?"

"वाद्यासाठीच."

त्यांनी मला उरलेले सुट्टे जरा काळजीनं परत दिले.

नगरनंतर (नाव बदललं आहे, पण वाटेत ज्याला विचाराल तो नगरच म्हणेल) रस्ता सरळ आहे. नेवासा फाटा, मग प्रवरासंगमचा पूल. पुलावर थांबू नका, ट्रक फार जवळून जातात. पलीकडं चहाच्या टपऱ्या आहेत तिथं थांबा. गोदावरीत पाणी भरपूर होतं. जानेवारी असल्यानं अकरा वाजले तरी ऊन टोचत नव्हतं. वाळूजला कंपन्यांच्या बसगाड्यांमागं अर्धा तास अडकले. एकूण सव्वासहा तास, दोनशे चाळीस किलोमीटर, पेट्रोल साधारण दीड हजाराचं. टोल फास्टॅगमधून कापला गेला. आकडे बदलत असतात म्हणून लिहीत नाही.

मामा गेटशीच उभे होते. त्यांनी आधी गाडी बघितली, मग मला.

"नळ्या वर ठेवल्यात नं?"

"हो मामा."

"मग ठीक हाय. चल, हात धू. मामीनं येसर केलंय."

येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. ज्वारीची भाकरी, येसर, शेंगदाण्याची चटणी आणि मुळा. मराठवाड्यात कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर हे मागून खा, हॉटेलात सहसा मिळत नाही. शहरात राहायला नातेवाईक नसतील तर स्टेशन रोडच्या बाजूला साध्या लॉजपासून सगळं आहे.

चारला छावणीत गेले. नझीरभाईंचा क्लास बाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्यांत आहे. ते स्वतः बास गिटार वाजवतात, वय पन्नाशीचं. सात जण शिकायला होते: गिटारवाले, कीबोर्डवाले, बँकेत काम करणारे देशपांडे नावाचे एक गृहस्थ आणि ऋतुजा. ऋतुजा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, तबला शिकलेली, आणि तिला व्हायब्राफोनच शिकायचा होता. पहिल्या ओळीत बसून तिनं मोबाईल गुडघ्यावर उभा केला.

"ताई, रेकॉर्ड करू का?"

मी कर म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

मी ब्लूजचं, म्हणजे जॅझमधल्या एका साध्या ठरीव साच्याचं, आवर्तन समजावलं. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून. बास ते आवर्तन धरून ठेवतो, आपण त्याच्यावर बोलत राहायचं. मग नमुना म्हणून मी तीन आवर्तनं वाजवली. म्हणजे डिसेंबरमध्ये लिहिलेली तीन आवर्तनं वाजवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, "हे तुम्हाला आत्ता सुचलं?" त्याच क्षणी बाहेर भंगारवाला ओरडत गेला आणि मी त्याच्याकडं बघून हसले. उत्तर दिलं नाही. मी खोटं बोलले नाही असं त्या संध्याकाळी मी स्वतःला सांगत होते.

दुसरा दिवस: छावणी

सकाळी क्लासजवळ पोहे आणि इम्रती. इम्रती इथली चांगली असते, जिलबीपेक्षा जाड आणि कमी गोड. एक पुरते.

या दिवशी मी त्यांना फक्त तीन सूर दिले. तीन सुरांत बारा बार काढायचे, चुकलं तर चालेल, थांबायचं नाही. हा पाठ मी पुण्यातल्या मुलांनाही देते आणि तो चालतो. देशपांडे बँकवाल्यांनी कीबोर्डवर एकच सूर चार वेळा वाजवला, मग दोन बार गप्प बसले, मग तोच सूर पाचव्यांदा वाजवला. खोलीत सगळे हसले, पण ते चांगलं होतं. मला ते सुचलं नसतं. हे मी तेव्हा वहीत लिहूनही ठेवलं.

शेवटी नझीरभाई म्हणाले, "अब टीचर का नंबर." त्यांनी बास सुरू केला. घरून लिहून आणलेला दुसरा सोलो मी कार्यक्रमासाठी राखून ठेवला होता, म्हणून हात कालच्याच सोलोवर गेले. काल ऐकलेलं कुणाला आठवणार, असा माझा हिशेब होता. तिसऱ्या आवर्तनात मधल्या सप्तकाखालची दोरी तुटली, चार पट्ट्या घसरून एकमेकींवर आपटल्या आणि सोलो तिथंच संपला. पट्ट्यांना काही झालं नाही. मी त्या तिथंच प्रकाशात धरून एकेक तपासल्या.

चहाच्या वेळी ऋतुजा जवळ येऊन बसली. तिच्या एका कानात एक इयरफोन होता, दुसरा तिनं मला दिला.

"ताई, हे कालचं आहे. आणि हे आजचं." तिनं दोन्ही ऐकवली. "मी घरी सकाळी कालचं दहा वेळा ऐकलं होतं म्हणून कळलं. सगळं तेच आहे. तुम्हाला तेच्या तेच परत कसं सुचलं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की यात काहीतरी युक्ती आहे आणि ती मी शिकवणार आहे.

"काही वाक्यं हातात बसलेली असतात," मी म्हणाले.

"तीन-तीन आवर्तनं?"

"सरावानं होतं."

ती मान हलवून वहीत ते लिहून घ्यायला लागली. तिनं 'सरावानं होतं' हे शब्द लिहिले, खाली रेघ मारली. नझीरभाई पलीकडं बासची तार लावत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "बेटा, कल प्रोग्राम में भी वोइच बजाना है क्या? बता देना, मेरेकू भी याद हो गया अब."

माझ्यासमोर सरळ प्रश्न होता. खरं सांगून टाकायचं ठरवलं तर ते मामांच्या समोर सांगावं लागणार होतं, कारण कार्यक्रमाला ते आणि मामी पहिल्यांदाच माझं जॅझ ऐकायला येणार होते. आणि ते सांगताना, 'मला असंच शिकवलं' हे वाक्य टाळलं तरी ऐकणाऱ्याला ऐकू येणार होतं. न सांगावं तर ऋतुजाच्या वहीतली ती रेघ तशीच राहणार होती.

तिसरा दिवस: पाचोड आणि परत

दोरी शहरातही मिळते. गुलमंडीत कुठंही मिळाली असती. पण आदल्या रात्री मामांनी तुटलेलं टोक बोटात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ही नायलॉनची. ही ताणली की ढिली पडती अन् पट्टी किरकिर करती. माझ्या वाद्याला पाचोडची सुती हाय, अकरा वर्षं झाली. उद्या बाजार हाय तिथं. सकाळी जाऊन येऊ."

पाचोड हे मामांचं गाव. शेती अजून आहे, धाकटे मामा बघतात. शहरातून बीडच्या रस्त्यानं तासाभराचं अंतर. वाद्य क्लासमध्येच होतं, म्हणून गाडीत मामांना जागा झाली. रस्ता उत्तम आहे. दोन्हीकडं मोसंबीच्या बागा. सकाळी साडेआठला पोचलो तेव्हा बाजार भरत होता. गाडी अलीकडंच लावा, आत घेतली तर बाराच्या आधी निघत नाही. ढीग घालून विकायला ठेवलेला हुरडा मिळाला, तो घेतला.

दोरवाले आजोबा गोणपाटावर बसले होते. मामांनी नायलॉनची दोरी त्यांच्यापुढं टाकली.

"ह्या मापाची सुती द्या, पाच मीटर."

"कशाला पाहिजे? बैलाला बारीक व्हईल."

"पट्ट्या ओवायच्यात. वाजवायच्या."

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. "ही वाजवती?"

"व्हय. पुण्यात वाजवती."

"पुण्यात दोरी नाय का?" असं म्हणून त्यांनी पाचऐवजी सहा मीटर मोजली आणि पैसे पाचाचेच घेतले. "वाजवताना तुटली तर नाव गावाचं जातं," ते म्हणाले.

परत येताना गाडी मी चालवत होते. आडूळ मागं पडल्यावर मी मामांना सांगितलं. ऋतुजाचं, दोन रेकॉर्डिंगचं, सगळं. ते हुरडा खात होते.

"मग चूक काय झाली?" त्यांनी विचारलं. "दोन्ही येळेस सारखं आलं. ही तर चांगली गोष्ट हाय."

"मामा, मी त्यांना तिथल्या तिथं रचायचं शिकवायला आले आहे. आणि मी स्वतः तसं करत नाही."

"कशाला करायचं? लोकं वेळ काढून येतात. त्यांच्यापुढं न बसवलेलं घेऊन जायचं म्हणजे न शिजलेलं वाढायचं."

"तो कॅसेटवरचा माणूस तसंच वाजवत होता."

"तो तो हाय." त्यांनी हुरड्याची आणखी एक मूठ तोंडात टाकली. "तू कधी केलंस का तसं? घरी, एकटीनं?"

"नाही."

"का?"

मी एका ट्रॅक्टरला ओलांडलं, तेवढा वेळ मिळाला. "वाईट होईल म्हणून."

"व्हय. होईलच की," मामा म्हणाले, आणि हुरड्याचा पुडा माझ्याकडं केला.

दुपारी क्लासमध्ये आम्ही दोघांनी नवीन दोरी ओवली. यात दोन माणसं लागतात: एकानं पट्टी धरायची, दुसऱ्यानं दोरी ताणत पुढं न्यायची. दोरीचा ताण मामांनीच ठरवला. प्रत्येक पट्टीवर नखानं टिचकी मारून ऐकलं. आमचं बोलणं फक्त दोरीबद्दल झालं.

कार्यक्रम सहाला होता, छावणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मोठ्या खोलीत. चाळीसेक खुर्च्या, त्यातल्या तीस भरलेल्या. ऋतुजा पहिल्या रांगेत, मामा-मामी तिसऱ्या. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, ऑर्केस्ट्राला घालायचे तसा.

सुरू करायच्या आधी मी नझीरभाईंना बाजूला घेऊन सांगितलं की आज शेवटी न लिहिलेलं वाजवणार आहे, आणि मी हरवण्याची शक्यता आहे.

"कायकू डरती? मैं हूं ना नीचे," ते म्हणाले. "तू गुम गई तो मैं एक पे जोर से मारता. वो सुन, और वहीं से चढ़ जा."

पहिला मी नंबर चार वाजवला. त्याआधी सांगितलं की हा मी माझ्या मामांकडून शिकले, तो मूळचा दुसऱ्याचा आहे आणि मला सूर न् सूर पाठ आहे. चांगला वाजला. मग मी काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "कार्यशाळेत मी दोनदा जो सोलो वाजवला तो आधी लिहिलेला होता. मी आजवर सगळे सोलो लिहूनच वाजवले आहेत. मला कुणी विचारलं तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. ऋतुजा, ते सरावानं होत नाही, ते लिहून पाठ केलेलं होतं. आता वाजवेन ते लिहिलेलं नाही. चांगलं होईलच असं नाही."

तिसऱ्या रांगेकडं मी बघितलं नाही.

जे झालं ते जसं आठवतं तसं लिहिते. पहिलं आवर्तन मी तीन सुरांत काढलं, मुलांना दिलेले तेच तीन. दुसऱ्यात हात सारखे डिसेंबरच्या सोलोकडं जात होते आणि मी ते ओढून परत आणत होते. त्यामुळं ते तुटक झालं. तिसऱ्यात दोन बार असे आले जे मी घरी लिहिले असते तर खोडले नसते. त्या आनंदात मोजणी सुटली. दहावा बार चालू आहे की अकरावा हे कळेना. मी एका सुरावर थांबले, पेडल दाबलेलंच, सूर आपोआप विरत गेला. मला काही सुचत नव्हतं. नझीरभाईंनी पुढच्या आवर्तनाच्या एकवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोरात सूर दिला, मी तिथून चढले आणि चौथं आवर्तन वाजवून संपवलं.

टाळ्या नंबर चारपेक्षा कमी पडल्या. देशपांडे बँकवाले मात्र उभे राहिले. ऋतुजा रेकॉर्डिंग थांबवून, मोबाईल खाली ठेवून बराच वेळ काहीतरी लिहीत होती.

लोक गेल्यावर मामा पुढं आले आणि पट्ट्या गोधडीत गुंडाळायला लागले. 

"मोटर का बंद ठेवली होती?"

"सूर स्वच्छ ऐकू यावा म्हणून."

"बरं."

एवढंच. परत जाताना मामा रिक्षानं गेले, कारण माझ्या गाडीत एकच जागा होती आणि ती मी मामींना दिली, म्हणजे झोपवलेल्या सीटच्या कडेला त्या अवघडून बसल्या. मी विचारलं, मामांना वाईट वाटलं का. मामी म्हणाल्या, "वाईट वाटलं असतं तर बोलले असते. त्यांचं काही सांगता येत नाय. मला तर दोन्ही सारखंच वाटलं बाई."

जेवताना मामा एकच वाक्य बोलले. "सगळ्यांसमोर नाव घेतलंस ते बरं केलंस. फक्त पाठ म्हणालीस. पाठ नाय म्हणू. बसवलेलं म्हण."

मी पुढच्या वेळी म्हणेन असं सांगितलं.

चौथा दिवस आणि घर

सकाळी सातला निघाले. परतीचा रस्ता तोच, फक्त नगरच्या अलीकडं दाट धुकं होतं, दिवे लावून चाळीसच्या वेगानं यावं लागलं. जानेवारीत जाणार असाल तर परतीला नऊनंतर निघा. दीडला घरी पोचले. वाद्य जोडलं, सगळ्या पट्ट्या वाजवून बघितल्या. सुती दोरीवर सूर खरंच जरा जास्त वेळ टिकतो, निदान मला तसा ऐकू आला. सेकंद मोजलेले नाहीत.

कुणी असा प्रवास करणार असेल तर माझं मत असं: चार दिवस पुरे होतात, लेणी बघायची असतील तर आणखी दोन धरा. मी या वेळी एकही लेणं बघितलं नाही. डिसेंबरचा सोलो मी फाईलमध्ये ठेवून दिला. तो वाईट नाही. पुण्यातल्या पुढच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना मी कळवलं आहे की मी काही भाग लिहून वाजवते आणि काही नाही, आणि कुठला कोणता ते आधी सांगेन. त्यांनी अंगठा पाठवला. त्यांना याचं काही वाटलं असावं असं दिसत नाही. रोज सकाळी दहा मिनिटं मी न लिहिलेलं वाजवते. बहुतेक वेळा ते कंटाळवाणं असतं.

मामांनी रागावू नये इतकीच माझी इच्छा होती, आणि त्याबद्दल मला अजून काही कळलेलं नव्हतं. आम्ही दोनदा फोनवर बोललो ते मामींच्या गुडघ्याबद्दल.

परतल्यावर आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"ती पोरगी आली होती. ऋतुजा. शिकायला येते म्हणाली, मंगळवार-शुक्रवार. ये म्हटलं."

"चांगलं झालं की मामा."

"तिच्या मोबाईलमध्ये तुझं ते हाय, शेवटचं. माझ्या फोनवर पाठवलं तिनं. चार दिवस ऐकायलोय. थांब, फोन खाली ठेवतो."

खडखड झाली, मग त्यांच्या व्हायब्राफोनचा आवाज आला. तीन सुरांचं पहिलं आवर्तन. तुटक दुसरं, प्रत्येक तुटलेली जागा जिथल्या तिथं. तिसऱ्यातले ते दोन बार त्यांनी माझ्यापेक्षा मोकळे वाजवले. मग ते थांबले आणि फोन उचलला.

"इथं अडकलोय. अकराव्या बारला तू मुद्दाम थांबलीस का हुकलीस?"

"हुकले."

"पेडल दाबूनच होतं?"

"हो. काही सुचलं नाही म्हणून तसंच राहिलं."

"किती मात्रा?"

मी ऋतुजानं पाठवलेलं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावलं आणि मोजलं. "साडेसहा."

"मलाबी साडेसहाच वाटलं होतं. खात्री करून घेतली," मामा म्हणाले, आणि फोन परत खाली ठेवला. त्यांनी तिसरं आवर्तन सुरुवातीपासून घेतलं. त्या सुरावर येऊन ते थांबले. तिकडं बास नव्हता, कुणी एक देणारं नव्हतं. फक्त एक सूर विरत चालला होता आणि मागं मामींचा कुकर. मी इकडं बोटांवर मोजत होते. साडेसहा झाल्या आणि ते पुढं गेले.